वीस मिनिटं हलायचं नाही

माझ्या नोकरीचं नाव नीट घेणारा माणूस मला जळगावात अजून भेटायचा आहे. कागदावर मी न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजिस्ट. धुळ्याला माहेरी वडिलांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा पेपर खाली ठेवून त्यांनी विचारलं होतं की बॉम्बशी काही संबंध नाही ना. लग्न ठरताना मुलाकडच्यांना आम्ही 'एक्स-रेसारखंच असतं' एवढ्यावर निभावून नेलं. रिक्षावाल्यांच्या लेखी मी थॅलियमवाली ताई. आता खरं सांगायचं तर थॅलियम आम्ही क्वचितच वापरतो. औषध कधीच बदललं, पण डॉक्टरांपासून रिक्षावाल्यांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तपासणीचं नाव तेच राहिलं. मीही दुरुस्त करायचं सोडून दिलंय.

काम काय करते ते सांगते. जळगावात ते समजावणं सोपं जातं, कारण इथे ठिबक कोणाला शिकवावं लागत नाही. नळी कुठे चोंदली ते अँजिओग्राफीत दिसतं. पण पाणी बंद झाल्यावर झाड मेलं की नुसतं तग धरून उभं आहे, ते नळीकडे बघून कळत नाही. झाडाकडेच बघावं लागतं. हृदयाच्या स्नायूचंही तसंच आहे. रक्त कमी पडायला लागलं की तो काम थांबवतो आणि कसाबसा जीव धरून राहतो. सोनोग्राफीत तो हलताना दिसत नाही, म्हणून मेल्यासारखा वाटतो. त्याला पुन्हा रक्त मिळालं तर तो उठून कामाला लागू शकतो. मात्र खरोखरच मेला असेल, तर बायपास करून माणसाला उगाच धोक्यात घालण्यात अर्थ नसतो. हा निवाडा करायला सर्जन पेशंटला आमच्याकडे पाठवतात.

आम्ही हाताच्या शिरेतून किरणोत्सारी औषधाचा थोडासा डोस देतो. जिवंत स्नायू ते ओढून घेतो, मेलेला घेत नाही. मग पेशंटला अरुंद टेबलावर झोपवायचं, दोन्ही हात डोक्यावर न्यायला सांगायचे, आणि कॅमेरा छातीभोवती अर्धी फेरी मारतो. थोडा सरकतो, थांबतो, टिपतो, पुन्हा सरकतो. वीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ हलायचं नाही. बाकी सगळं मशीन करतं. हलू न देणं हे माझं काम.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची येतात. काही तपासण्यांच्या आधी चोवीस तास चहा बंद असतो. चहा घेतला नाही असं शपथेवर सांगणारे लोक कॉफी घेऊन आलेले असतात. इंजेक्शननंतर त्या दिवसापुरतं लहान मुलांपासून आणि गरोदर बायकांपासून लांब राहा, असं आम्ही सांगतो. एका डाळमिलवाल्या शेठनी त्या एका दिवसाचे आठ दिवस करून लिहून मागितले, आणि मुलांच्या जागी 'मेहुणे' असं घालता येईल का, तेही विचारलं. त्यांच्याकडे मेहुणे मुक्कामाला आले होते.

पण या अंकासाठी काहीतरी लिहा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे आल्या त्या सुमनअक्का.

अक्का अमळनेरच्या. वय सत्तरीला टेकलेलं. यजमान तेलगिरणीत होते, ते जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलती एक मुलगी सुरतेला दिलेली. महिनाभरापूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता, आणि आठवडाभर त्या तो पित्तावर ढकलून ओवा खात होत्या. मग तपासण्या झाल्या. तीन नळ्या अरुंद निघाल्या. हृदयाचा पुढचा भाग मेल्यासारखा दिसतोय, असं डॉक्टर म्हणाले. यातला 'सारखा' अक्कांनी दवाखान्याच्या पायरीवरच सोडला आणि घरी येऊन सांगितलं की माझं अर्धं हृदय मेलंय.

त्यानंतर त्यांनी आवराआवर सुरू केली. शिलाई मशीन समोरच्या घरातल्या सुनेला दिलं. बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, करायचं मोठं पातेलं शेजारी दिलं. आणि मग सगळ्यांना माफ करायला घेतलं. माफ करण्याची त्यांची एक पद्धत होती. आधी समोरच्याचा गुन्हा साक्षीदारांसकट पहिल्यापासून सांगायचा, आणि शेवटी म्हणायचं की जाऊ दे, मी आता जाणारी, माफ केलं. गल्लीतली एक बाई अशी माफी मिळाल्यावर दोन दिवस धड जेवली नाही म्हणे.

हे सगळं मला कळलं ते त्यांच्या धाकट्या भावाकडून. त्यांना सगळे नाना म्हणत. सावद्याचे केळीबागायतदार, अंगाने उंच, बोलायला मऊ, हातात कायम पांढरी टोपी घडी करून धरलेली. अक्कांना आमच्याकडे तेच घेऊन आले होते. मी अक्कांना जिभेखाली नळ्या सैल करणारी गोळी दिली, इंजेक्शन दिलं आणि आतल्या खोलीत बसवलं. औषध हृदयात नीट बसायला तासभर जाऊ द्यावा लागतो. तेवढ्या वेळात नाना माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले आणि हळू आवाजात त्यांनी आपलं दुखणं सांगितलं.

दोघं अकरा वर्षं बोलत नव्हते. अक्कांच्या मुलीच्या लग्नात मामा म्हणून नानांनी आपल्या बागेतली टेम्पोभर केळी पाठवली होती. पंगतीत एकाच्याही पानावर केळं पडलं नाही. जेवणं झाल्यावर नानांनी मागच्या खोलीत डोकावलं, तर केळी पोत्यांखाली झाकून ठेवलेली. सावद्याच्या माणसाचा याहून मोठा अपमान कोणाला सुचणार नाही. ते न बोलता निघून आले, आणि अक्कांनीही का गेलास म्हणून विचारलं नाही. आता अकरा वर्षांनी निरोप आला की अक्का चालली. नाना धावत गेले. अक्कांनी त्यांना समोर बसवून सांगितलं की तुझं बठ्ठं, म्हणजे सगळंच, माफ केलं.

"मॅडम, मले माफ केलं," नाना म्हणाले. "पन मी काय केलतं? मरत्या मान्साले इचारता बी येत नाही."

तेवढ्यात अक्कांच्या खाण्याची वेळ झाली. आमचं हे औषध हृदयाबरोबर यकृतातही जातं आणि हृदयाच्या शेजारीच चमकत बसतं. ते तिथून लवकर निघावं म्हणून पेशंटला फोटोआधी तेलकट-तुपकट खायला सांगतात. हृदयाच्या पेशंटला कोणी तेल खा म्हणून हुकूम करावा, अशी जळगावात आमची एकच जागा असेल. लोक खूष होतात. अक्का झाल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं की शेवटची इच्छा विचारतेस का. मी समजावून सांगितलं, पण त्यांचं मत बदललं नाही. नाना भरीत-भाकरी घेऊन आले. अक्कांनी एवढ्या गंभीरपणे जेवण केलं की आमची रिसेप्शनवरची मुलगी डोळे पुसायला उठून गेली. जेवण झाल्यावर अक्का म्हणाल्या की भरताला तेल कमी होतं.

मग त्यांना टेबलावर घेतलं. हात वर, मान सरळ, वीस मिनिटं हलायचं नाही, सगळं सांगून झालं. अक्का हो म्हणाल्या. कॅमेरा सुरू झाला आणि तिसऱ्या थांब्यापाशी त्यांनी बोलायला सुरुवात केली. आधी कॅमेऱ्याबद्दल, मग आमच्या पंख्याबद्दल, मग समोरच्या सुनेबद्दल, जिला शिलाई मशीन दिलं पण तेल घालायची अक्कल नाही. बोलताना त्यांचा डावा हात डोक्यावरून निसटून हवेत यायचा आणि मी ओरडले की परत जायचा. मी काचेपलीकडून दोनदा उठून आत गेले.

"तू हलू नको म्हणालीस," अक्का म्हणाल्या. "बोलू नको कोठे म्हणालीस?"

फोटो तयार झाले. कॅमेऱ्याने टिपलेली चित्रं एकापाठोपाठ फिरवून बघितली, तर अक्कांचं हृदय बेडकासारखं उड्या मारत होतं. आणि त्यांतून संगणकाने जे हृदय जुळवून दिलं, त्याच्या पुढच्या भिंतीला भलंमोठं भगदाड होतं. औषध नाही, म्हणजे स्नायू मेलेला.

आमचे डॉक्टर चांगले आहेत, पण त्या दिवशी बाहेर आणखी दोन पेशंट थांबले होते. ते म्हणाले की हललेलं सॉफ्टवेअरमध्ये सरळ करता येतं, आणि सोनोग्राफीतही हा भाग मेल्यासारखाच होता, जुळतंय की. थोडं वर-खाली झालेलं सरळ होतं, हे खरं आहे. पण ही बाई चहूबाजूंनी हलली होती. मी म्हटलं, पुन्हा काढू. डॉक्टर म्हणाले, पुन्हा तेच होईल. मी म्हटलं, नाही होणार. हे मी कशाच्या जोरावर म्हटलं, ते मलाच ठाऊक नव्हतं.

तेवढा हट्ट मी का धरला, ते सांगितलं पाहिजे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत चोपड्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरचा माणूस आला होता. कोरडवाहू शेती आणि मजुरी करणारा, पन्नाशीचा. वीस मिनिटांत त्याने तोंडातून शब्द काढला नाही. मध्येच त्याचा खांदा अवघडला असावा. हात जरा खाली घसरला, आणि कोणाला त्रास नको म्हणून त्याने तो आपला आपणच पुन्हा वर नेला. मी ते पाहिलं. पण त्यांची जीप खाली थांबली होती, सगळे निघायच्या घाईत होते, आणि एवढ्याशाने काय होतंय असं म्हणून मी फोटो पुढे पाठवले. स्नायू मेला आहे, ऑपरेशनचा उपयोग नाही, औषधं घ्या, असा रिपोर्ट घेऊन तो नमस्कार करून गेला. दोन दिवस माझं लक्ष लागेना. मग मी डॉक्टरांना सांगितलं, आणि त्या माणसाने दिलेल्या नंबरवर फोन लावला. तो एका किराणा दुकानाचा निघाला. दुकानदार म्हणाला, निरोप देतो. तो माणूस परत आला नाही. त्याचा फोटो खरा होता की खोटा, हे मला आजही माहीत नाही. रिपोर्ट बरोबरही असेल. पण मी पुन्हा काढला नाही, एवढं खरं.

अक्कांच्या बाबतीत एक बरं होतं. हे औषध एकदा स्नायूत गेलं की काही तास तिथून हलत नाही, म्हणजे दुसरं इंजेक्शन लागणार नव्हतं. लागणार होत्या फक्त गप्प बसलेल्या अक्का. मी बाहेर येऊन नानांना विचारलं की त्या कधी गप्प बसतात का. नानांनी टोपीची घडी उलगडली, पुन्हा घातली, आणि विचार करून सांगितलं की अक्का एकाच वेळी गप्प बसते. समोरचा तिच्यावर आरोप करत असला, की ती आधी पूर्ण ऐकून घेते. काही सुटलं तर उत्तर देताना पंचाईत नको म्हणून.

मी त्यांना आत घेतलं. असं नातेवाइकांना आत बसवत नाहीत. मी टेबलापासून लांब, दाराजवळ खुर्ची टाकली आणि सांगितलं की नाना, तुम्हाला अकरा वर्षांत जे बोलायचं होतं ते आता बोला. आणि अक्का, उत्तर वीस मिनिटांनी. मध्ये हललात तर पुन्हा पहिल्यापासून.

नाना आधी अडखळले. मग म्हणाले, "अक्का, तू मले माफ केलं. पन मी तुले नाही केलं."

अक्कांचे डोळे छताकडे लागले होते. त्यांनी तोंड उघडलं, मी काचेतून बोट दाखवलं, आणि ते मिटलं.

मग नानांनी सगळं काढलं. केळ्यांपासून सुरुवात केली. पोत्यांखालची केळी आपण कशी पाहिली, तेव्हा शेजारी कोण उभं होतं, सगळं. अंतरपाटापाशी मामाला हाक उशिरा मारली. घरच्यांच्या फोटोत त्यांना टोकाला उभं केलं आणि फोटो आला तेव्हा त्यात त्यांचा एकच खांदा होता. वडिलांचा अडकित्ता अक्का घेऊन गेली, आणि अक्का सुपारी खात नाही. मोटारसायकलवरून पडून नानांचा पाय मोडला तेव्हा अख्खा तालुका येऊन गेला, अक्का नाही. माणूस इतक्या मऊ आवाजात इतकी भरगच्च तक्रार करू शकतो, हे मला माहीत नव्हतं. आणि अक्का दगडासारख्या पडून होत्या. कॅमेरा सरकत होता, थांबत होता, पडद्यावर चित्रं एकावर एक नीट बसत होती.

चौदाव्या मिनिटाला नाना थांबले. त्यांच्याकडचं संपलं होतं. अकरा वर्षांचा राग चौदा मिनिटांत उरकला, याचं त्यांनाच आश्चर्य वाटलेलं दिसलं. सहा मिनिटं बाकी होती. अक्कांनी श्वास घेतला. मी काचेतून नानांना खुणा करत राहिले की बोला, काहीही बोला.

नाना टोपीकडे बघत म्हणाले, "दर भाऊबीजेले मी अमयनेरची यष्टी धरायचो. स्टँडवर उतरायचो, चहा प्यायचो, अन् तसाच मांगं फिरायचो. घरी इचारलं, तं सांगायचो, अक्का बरी हाये."

कॅमेरा सरकत राहिला. अक्कांच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाण्याची रेघ कानाकडे उतरली. डोळा पुसायला हात खाली आला की सगळं मुसळ केरात. रेघ कानात गेली असणार, गुदगुल्या होत असणार. अक्का हलल्या नाहीत. शेवटचा थांबा झाला, कॅमेरा बाजूला सरकला, आणि मी 'झालं' म्हणायच्या आत त्या उठून बसल्या होत्या.

"नाना," त्या म्हणाल्या, "केळी कच्ची व्हती."

टेम्पो लग्नाच्या दिवशी सकाळी पोचला होता, आणि केळी हिरवीगार होती. पानावर वाढली असती तर बठ्ठं अमळनेर हसलं असतं की सावद्याच्या मामाने कच्ची केळी धाडली. म्हणून अक्कांनी कोणी बघायच्या आत ती पोत्यांखाली दडवली. नाना कधीतरी विचारतील, मग सांगू, म्हणून वाट पाहिली. नानांनी विचारलं नाही, तेव्हा त्यांना वाटलं की याला आपल्या चुकीची लाज वाटतेय. अकरा वर्षांनी त्यांनी जे माफ केलं, ते हे होतं.

नाना खुर्चीवरून उठले. टेम्पो आपण तीन दिवस आधी भरून पाठवला होता, अमळनेरला पोचून आढीत पिकायला वेळ मिळावा म्हणून, असं ते म्हणाले. मग तो तीन दिवस होता कुठे, असं अक्कांनी विचारलं. आणि मग दोघांनी मिळून त्या टेम्पोवाल्याला असं काही झोडपायला घेतलं की बाहेरचे पेशंट दाराशी आले. अकरा वर्षांचं भांडण जसंच्या तसं उचलून त्याच्या डोक्यावर गेलं. तो बिचारा कुठे असेल तिथे त्याला उचकी लागली असेल.

नवे फोटो मी डॉक्टरांपुढे ठेवले. ते खुर्ची ओढून बसले, म्हणजे मला उत्तर मिळालं. भगदाड गेलं होतं. टोकाशी थोडासा भाग खरोखर मेलेला होता, पण पुढच्या भिंतीने बऱ्यापैकी औषध घेतलं होतं. स्नायू जिवंत होता. निकाल पेशंटला मी सांगायचा नसतो, तो डॉक्टरांनीच सांगितला. त्यांनी अक्कांना पडद्यावर दाखवलं की हा पिवळा-तांबडा भाग सगळा जिवंत आहे, बायपास केली तर पुन्हा काम करायला लागेल अशी चांगली आशा आहे.

अक्कांनी पडद्याकडे नीट पाहिलं. आनंद झाल्याचं काही दिसलं नाही. त्या म्हणाल्या, "म्हणजे मी उगाच बठ्ठ्यांना माफ करत फिरले."

जाताना नाना मागे थांबले. मशीन चुकत तर नाही ना, असं त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं. पहिल्यांदा चुकलं होतं आणि ते आम्हीच चुकवलं होतं, असं मी प्रामाणिकपणे सांगितलं. दुसऱ्यांदा नाही. त्यांनी टोपी डोक्यावर घातली. त्या दिवसात पहिल्यांदाच.

अक्कांचं ऑपरेशन नाशिकला झालं आणि नीट झालं. सहा-सात महिन्यांनी सर्जननी त्यांना पुन्हा आमच्याकडे पाठवलं. पुढची भिंत हलायला लागली होती. अक्का दोन जिने चढून आल्या होत्या आणि लिफ्ट असताना नानांनी ती दाखवली नाही, म्हणून रागावलेल्या होत्या. घरी शिलाई मशीन परत आलं होतं, पातेलं मागायला त्यांना संकोच वाटत होता. दोघं आता दर पंधरा दिवसांनी भेटतात आणि दर पंधरा दिवसांनी भांडतात, असं नानांनी सांगितलं. त्या वेळी तर सकाळपासून अबोला होता. अक्का माझ्याकडे बघून म्हणायच्या की त्याला सांग, पिशवी दे, आणि नाना पिशवी द्यायचे.

फोटो झाले. या वेळी अक्का एकदाही हलल्या नाहीत. त्या दिवसाच्या शेवटच्या पेशंट त्याच होत्या आणि मशीन मोकळं होतं. त्या टेबलावरून उतरल्या, चपला घातल्या आणि मला म्हणाल्या, "पोरी, आता याला झोपव इथं. हात वर करून. मागच्या खेपेला त्यानं वीस मिनिटं घेतली, माझी बाकी हायेत."

असं काही करता येत नाही, मशीन सुरू करणार नाही, असं मी म्हणेपर्यंत नानांनी टोपी खुर्चीवर ठेवली होती. ते टेबलावर आडवे झाले आणि त्यांनी मुकाट्याने दोन्ही हात डोक्यावर नेले. मशीन बंदच होतं. मी दार लोटून डबा खायला गेले. हे आमच्या नियमात बसत नाही, माझ्या वरिष्ठांनी वाचलं तर त्यांनी या ओळी गाळून वाचाव्यात.

अर्ध्या तासाने परत येऊन दार हळूच उघडलं. नाना गाढ झोपले होते, तोंड उघडं, एक हात टेबलावरून खाली लोंबत होता. अक्का खुर्ची जवळ ओढून बसल्या होत्या. त्यांचं बोलणं चालूच होतं, फक्त त्याची झोप मोडू नये म्हणून त्यांनी आवाज अगदी हळू केला होता.